करंजापाशी वळणारी वाट

नाना पुण्याला आले ते परत आलेला अर्ज घेऊन. चिंचवडच्या पुढे, पवनेच्या काठी त्यांचे गाव. नाना तिथले सरपंच; त्यांची मुलगी मी शिकवते त्या वर्गात होती, एवढीच आमची ओळख. पंचायतीने नदीकाठी एक छोटी बाग केली आहे आणि बागेत फिरायला मुरमाची वाट. ती वाट ओढ्यापासून पुढे पिंपरीच्या रस्त्यापर्यंत न्यायची, म्हणून गावाने सरकारकडे अनुदान मागितले होते. परत आलेल्या अर्जावर लाल शाईचा शेरा होता: ‘मार्गाचे वर्णन नाही. प्रयोजन अस्पष्ट.’

“बाई, आम्हाला दगड फोडता येतात,” नाना म्हणाले, “वर्णन जमत नाही. तुम्ही चार ओळी नीट लिहून द्या. मार्च संपायच्या आत कागद पोचला पाहिजे.”

चार ओळी मी तिथेच बसून लिहू शकले असते. पण न पाहिलेल्या जागेचे वर्णन करायचे नाही, असा माझा जुना हट्ट आहे. मी म्हणाले, आधी चालून बघते. त्यात प्रामाणिकपणा किती आणि दोन दिवस घराबाहेर पडायची हौस किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

पुढचे सारे नानांना आणि त्यांच्या पत्नी सरूवहिनी यांना विचारून लिहिले आहे. दोघांची नावे बदलली आहेत, गावाचे लिहिलेले नाही, आणि जागा ओळखू येऊ नये म्हणून एकदोन खुणा हलवल्या आहेत. बाकी जसे घडले तसे.

ज्यांना या बाजूला यायचे असेल त्यांनी लोणावळ्याकडे जाणारी सकाळची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गाचे तिकीट चार-साडेचार आण्यांत मिळते. खडकीपर्यंत पुणे काही संपत नाही. दापोडीचा पूल ओलांडला की मात्र दोन्ही अंगांना ज्वारीची रानं लागतात. माघ सरत आला होता. काही रानांत कापणी होऊन पेंढ्या उभ्या होत्या. पिंपरीला निर्वासितांच्या बराकींची लांब ओळ दिसली, तारांवर वाळत घातलेले कपडे, आणि त्यांच्या पलीकडे नव्या कारखान्याच्या कोऱ्या भिंती. माझ्या समोरच्या बाकावरचे दोघे गडी त्याच कारखान्यात कामाला लागण्याबद्दल बोलत होते. एक म्हणत होता, “आत गेल्यावर सांजपर्यंत सुटका न्हाई राव.” दुसरा म्हणाला, “पण पाऊस पडला न्हाई तरी पगार हाय.”

चिंचवड स्टेशनाबाहेर टांगे उभे असतात. गावापर्यंत आठ आणे पडतात. आधी ठरवून घ्यावे. मुंबईचा रस्ता ओलांडेपर्यंत टांगेवाल्याशी बोलू नये, कारण ट्रक फार जोरात येतात आणि बोलताना तो मागे वळून बघतो. माझ्या टांगेवाल्याने रस्ता ओलांडल्यावर विचारले, “पाहुण्या कोणाकडं?”

मी नानांचे आणि वाटेचे सांगितले.

“फिरायची वाट,” तो म्हणाला. “आमचे पाय दिसभर फिरत्यातच की वो बाई. फिरून फिरून दमलेल्याला आनिक फिरवायचं.” मग थोड्या वेळाने, “पण बायकांला बरी. या रस्त्यानं डोईवर भाजी घिऊन पिंपरीला जात्यात, तवा जीव मुठीत असतो.”

प्रयोजन मला तिथे मिळाले. ते मी वहीत लिहून घेतले.

बाग पाहून मी थोडी खट्टू झाले, हे लपवत नाही. कण्हेर, तगर, पाण्याअभावी सुकत चाललेले दोन गुलमोहर आणि एक लाकडी फळी ठोकलेले बाक. पण वाट खरोखर चांगली होती. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड, मधे दाबून बसवलेला मुरूम, आणि डाव्या हाताला सबंध वेळ नदी. गावातल्या लोकांनी ती स्वतःच्या हातांनी केली होती. ती ओढ्यापाशी येऊन थांबते. तिथून पुढची जागा पाहायला आम्ही निघालो: नाना, गावचे तलाठी, मोजणीची साखळी धरायला दोघे गडी, आणि मी.

तलाठ्यांना तिथे सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या काखेत गावचा नकाशा होता. नकाशावर ओढ्यापासून पिंपरीच्या रस्त्यापर्यंत त्यांनी पट्टीने एक सरळ रेघ मारली होती. साखळी त्या रेघेवरून जात होती, आणि मी शेजारून चालत दिसेल ते टिपत होते. मधल्या टप्प्यावर एक जुना करंज लागला. त्याच्या खाली आणि आसपास दगडगोटे पसरलेले, मधे बोरीच्या वाळलेल्या काटेरी फांद्या. मी सरळ त्यातून चालत गेले. पलीकडे पोचल्यावर मागे पाहिले, तर माझ्याबरोबर कोणीच नव्हते. चौघेही करंजाला वळसा घालून येत होते. साखळी गड्यांनी अलीकडे गुंडाळली होती आणि पलीकडे येऊन पुन्हा सोडली.

“मधलं माप?” मी विचारले.

“सरळच आहे ते. अंदाजानं धरलंय,” भाऊसाहेब म्हणाले. “लिहा बाई, पडीक जमीन. कोणाची हरकत नाही.”

मी तसे लिहिले.

दुपारी नाना आणि भाऊसाहेब चावडीवर गेले आणि मी स्वयंपाकघरात सरूवहिनींच्या समोर पाटावर बसले. बाजरीची गरम भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाची चटणी, ताक. शहरातल्या माणसाने या भागात आल्यावर दुसरे काही मागू नये. वहिनी माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. भाकरी थापत त्यांनी विचारले, “वाट बघितली का समदी?”

“हो. शेवटपर्यंत गेले.”

“करंजाकडनं?”

“करंजाच्या खालून. बाकीचे का कोण जाणे, वळसा घालून आले.”

त्यांचे हात थांबले. भाकरी परातीतच राहिली.

“तुमी तिथनं चालत गेलात?”

“हो.”

मला वाटले, आता काही कडक ऐकून घ्यावे लागणार. त्या म्हणाल्या, “कसं हाय तिथं?”

प्रश्न मला कळला नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी परात बाजूला सारली आणि सांगितले. दात यायच्या आत गेलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावात पुरायची जागा ती. बाप नाहीतर चुलता लेकराला हातावर घेऊन जातो, वर दगड आणि काटे ठेवतो, अंघोळ करून घरी येतो. आई जात नाही. कोणतीच बाई तिथे जात नाही. कुठल्या दगडाखाली, हे पुरुष घरी सांगत नाहीत आणि बायका विचारत नाहीत.

“माझा थोरला तिथं हाय,” वहिनी म्हणाल्या. “पाच म्हयन्याचा व्हता. बावीस वर्सं झाली. नदीला जाताना लांबून झाडाचा शेंडा दिसतो, तेवढंच.”

मी जे बोलले ते आठवून आजही बरे वाटत नाही. मी म्हणाले, “मला ठाऊक नव्हतं हो.” म्हणजे त्याही वेळी मी स्वतःची बाजू मांडत होते.

“तुमाला कसं ठावं असंल. कसं हाय ते सांगा.”

मग मी सांगितले. करंज मोठा आहे. खोडाला ढोली नाही. नवी पालवी फुटते आहे, खाली जुना पाचोळा आहे. दगड लहान लहान आहेत, नीट ठेवलेले. तिथून नदी दिसते.

“सावली पडती का समद्यांवर?”

मी डोळे मिटून आठवून पाहिले. “सकाळी पडत होती. सगळ्यांवर.”

त्यांनी परात पुन्हा ओढून घेतली.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मी नानांना ओसरीवर गाठले. म्हणाले, “नाना, मी ‘पडीक’ लिहिलंय ते खोडणार आहे.”

त्यांना कारण विचारावे लागले नाही. बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “खोडून काय लिहिणार? पुरण्याची जागा? कागद आरोग्यखात्याकडं जाईल. तिथून मामलेदाराकडं. बाग करताय का मसणवट करताय, म्हणून विचारतील. मार्च गेला, वाट गेली. वर तिथं तार ठोकून जातील.”

“आणि रेघ सरळ ठेवली तर?”

“कागदावर सरळ बाई. करताना आम्ही वळवूच की. गावातला कोणता माणूस तिथं कुदळ घालेल?”

“अनुदान आलं की ओव्हरसियर येईल, नाना. बाहेरची माणसं घेऊन येईल, आणि कागदाप्रमाणे काम मागेल. त्याच्या हातात तुमचाच नकाशा असेल.”

अडकित्ता थांबला. भाऊसाहेबांची रेघ, गड्यांचा अंदाज, गावाचे मौन, या सगळ्यांनी मिळून कुदळीला नेमका त्याच जागेचा पत्ता दिला होता, हे त्या क्षणापर्यंत त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. जे कोणी बोलत नाही ते बाहेरच्यालाही आपोआप ठाऊक असणार, असेच गाव धरून चालले होते. नाना उठून आत गेले. मला झोप लागली नाही. खरे लिहिले तर वाट जाते, आणि न लिहिले तर मी कशासाठी आले होते?

रविवारी सकाळी वहिनी मला विहिरीवर घेऊन गेल्या. घागर भरून झाल्यावर म्हणाल्या, “काल मालक जेवलं न्हाईत. तुमी काय लिवणार ते मला सांगा.”

मी सांगितले की त्या जागेला त्या जागेचे नाव देणे मला योग्य वाटते.

“नगा देऊ,” त्या म्हणाल्या. “नाव दिलं की ते मसण झालं. मसणात बाईनं जायाचं न्हाई. बागंत गेलेलं चालतं. वाट वरनं नगा नेऊ, आन लांबनंबी नगा नेऊ. कडंनं न्या. कोणी इचारलं तर फिराया चालले म्हणंन मी.”

माझे खरे लिहिणे त्यांना त्या जागेपासून कायमचे दूर ठेवणार होते. खरेपणाचा असाही उपयोग होतो, हे बेचाळीस वर्षांच्या वयात मला नव्याने कळत होते, आणि ते मला आवडले नाही.

दहाच्या सुमारास आम्ही पुन्हा ओढ्यापाशी उभे राहिलो. मी म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या साखळीला वाकता येतं का?”

“साखळीला येतं बाई,” ते म्हणाले, “सरकारला येत नाही. वळणाचं कारण काय दाखवायचं?”

“काल तुम्ही चौघं कुठून गेलात?”

त्यांनी बोटाने दाखवले. करंजाला वळसा घालून जाणारी पायवाट तिथे स्पष्ट होती, गवत न उगवलेली, कितीतरी वर्षांच्या पायांनी घट्ट झालेली.

“तर मग वहिवाट लिहा.”

भाऊसाहेबांनी नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, “धरा साखळी.” त्या वेळी साखळी कुठेही गुंडाळली गेली नाही. वळसा करंजाच्या सावलीला लागून, तरी सगळे दगड उजव्या हाताला सोडून मोजला. माप सरळ रेघेपेक्षा वाढले आणि खर्चाचा आकडाही. नाना वळणावर उभे राहिले होते. ते एका बाजूला खाली बघत होते, नेमक्या एका ठिकाणी. मी दुसरीकडे पाहिले.

परतीच्या टांग्यात वहिनींनी दिलेली ओल्या हरभऱ्याची जुडी होती. चिंचवडला गाडी उशिरा आली. पुण्यात घरी पोचल्यावर मी अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून काढला. ‘ओढ्यापासून मार्ग नदीकाठाने जातो. मध्यावर जुन्या वहिवाटीस अनुसरून वळण आहे. भाजी व दूध घेऊन जाणाऱ्या स्त्रियांस मुंबई रस्ता टाळता येईल.’ प्रत्येक वाक्य खरे होते. वहिवाट खरी होती. ती फक्त पुरुषांच्या पायांची होती, हे मी लिहिले नाही. ‘पडीक’ हा शब्द गाळला आणि त्याच्या जागी काहीच घातले नाही. खोटे न लिहिता लपवणे मला इतके सहज जमले, याचे मला वाईट वाटायला हवे होते. थोडे वाटलेही. पण कागद पाकिटात घालताना हात अडखळला नाही.

पावसाळ्यानंतर नानांचे पत्र आले. अनुदान मिळाले, पण निम्मेच. उरलेल्या कामासाठी पुढल्या साली पुन्हा अर्ज करावा, असे कळवले होते. मिळालेल्या पैशांत आणि गावाच्या श्रमदानात वाट ओढ्यापासून वळणापर्यंत झाली, आणि तिथेच संपली. ‘लोक हसतात,’ नानांनी लिहिले होते. ‘म्हणतात, सरपंचांची वाट कुठेच पोचत नाही. पिंपरीला जाणाऱ्यांना अजून मोठ्याच रस्त्याने जावे लागते. वर्दळ मात्र आहे. संध्याकाळी बायका जातात, वाट संपते तिथे घटकाभर टेकतात आणि परत येतात. फिरायला म्हणून जातात. आमच्या घरातूनही जाणे असते. उरलेल्या वाटेचा अर्ज कधी लिहून देता ते कळवावे.’

पत्र इथे संपले होते. सही झाली होती. सहीच्या खाली, कागदाला जागा उरली होती तिथे, दोन ओळी होत्या: ‘परवा मीही बरोबर गेलो. कोणता दगड ते तिला दाखवले.’

मी उलट टपाली उत्तर पाठवले. अर्ज या महिन्यात लिहून देते, पुढची वाट पाहायला एकदा यावे लागेल, येण्याचा दिवस कळवते. त्या दोन ओळींविषयी मी काही लिहिले नाही.