मायने पाहिलेला डॉल्फिन
माझ्यासारख्याने लिहायला बसावे, हेच धाडस आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. परंतु औशाच्या बसस्थानकावर डिझेलचा वास आला, की मला ती होडी आठवते. काचबिंदूमुळे मायची नजर झपाट्याने जात होती. ती पुरती जाण्याआधी काही अपूर्व दाखवावे, म्हणून मी तिला कोकणात डॉल्फिन पाहायला नेले. तासभर समुद्र मोकळाच होता. मग एकाएकी होडीतले सगळे "तिकडे, तिकडे!" असे ओरडले. शेतात नाग दिसला की करायची, तसेच मायने सवयीने हात जोडले, डोळे मिटले आणि मान लववली. तेवढ्यात डॉल्फिन पाण्याखाली गेला. "कुठं हाय रं?" तिने विचारले. होडी परतीला वळली होती. मी रिकाम्या लाटेकडे बोट दाखवून म्हणालो, "तो बघ, समोर." "हाव की! आपल्या म्हशीच्या पाठीवानी काळाभोर!" ती हरखली. आता तिला काहीच दिसत नाही. ती डॉल्फिनची गोष्ट सांगू लागली, की गल्लीतल्या बायका थट्टा करतात, "म्हातारे, सपान पडलं असंल तुला." तेव्हा ती माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून म्हणते, "माझ्या लेकाला इचारा." मी दरवेळी 'हो' म्हणतो. तुम्ही काय सांगितले असते?