बिघडवून दाखवणारे भापकर सर

वसंतराव भापकर सरांची आणि माझी ओळख संशयातून झाली. बारामतीतील एका माती परीक्षण प्रयोगशाळेत तक्रार झाली होती आणि तिच्या चौकशीसाठी मला इंदापूरहून बोलावले होते. मी गणिताची निवृत्त प्राध्यापिका. कोणाच्याच ओळखीची नाही, एवढीच माझी पात्रता. सर तेव्हा महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत. ज्यांच्यावर आरोप होता त्या तंत्रज्ञ नंदाताई जगताप त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, हे मला दारातच कळले. विद्यार्थिनीला पाठीशी घालायला गुरुजी आले, असे मी मनात ठरवून टाकले. मी व्यवस्थापकांची माणूस आहे, असे त्यांनीही ठरवले होते. हे त्यांनीच मला पुढे हसत सांगितले.

प्रयोगशाळेत नवा संगणक आल्यापासून मातीचे अहवाल चुकू लागले होते. काटेवाडीचे भाजीपाला पिकवणारे एक तात्या आपला अहवाल नाचवीत उभे होते. "हितं लिवलंय, रान खारवट हाय. आवं, मिठागर हाय का ते? वांगी उभी हायती त्यात, येऊन बघा की!"

नंदाताईंचे आणि व्यवस्थापकांचे पूर्वी रजेवरून वाजले होते. त्या रागातून त्यांनी मुद्दाम आकडे फिरवले, असा आरोप व्यवस्थापकांनी सर्वांसमोर केला. नंदाताईंना कामावरून काढायचे जवळजवळ ठरलेच होते.

"संगणकाला कोणी हात लावला?" हा सगळ्यांचा प्रश्न. सरांनी विचारले, "हा प्रोग्राम कशाने बांधला?"

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. नव्या संगणकावर प्रोग्राम नव्या कंपायलरने बांधला होता. त्याला लागणारी हिशेबाची लायब्ररी, म्हणजे आयत्या सूत्रांचा संच, मात्र जुन्या संगणकावरून, जुन्या कंपायलरने बांधलेली, तयार उचलून आणली होती. "दोघांची देण्याघेण्याची रीत वेगळी," सर म्हणाले. "एकाने ठेवलेला आकडा दुसरा भलत्याच जागी शोधतो."

"म्हणजे दोष कोणाचाच नाही. फार सोयीस्कर आहे," मी म्हणाले.

"तुम्ही विश्वास ठेवूच नका, मॅडम. मीही अजून ठेवलेला नाही."

सरांनी लायब्ररी मूळ सोर्सपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुरापासून, नव्याने बांधली. अहवाल तरीही चुकीचाच आला. व्यवस्थापक खुशीत आले. "झालं मशीनला नावं ठेवून? आता तरी म्हणा, ह्या नंदाबाईंनीच केलंय!" नंदाताई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी कळफलकाला हात लावायचा नाही, असे मीच बजावले होते.

सरांनी संगणकालाच कंपायलरचे नाव विचारले. त्याने नव्याचे सांगितले. सरांचा त्यावरही विश्वास बसला नाही. "विचारल्यावर हा एकाचं नाव सांगतो. बांधताना कोणाला हाक मारतो ते बघू." हाक भलत्यालाच जात होती! दुसऱ्या एका सॉफ्टवेअर पॅकेजबरोबर आणखी एक जुना कंपायलर संगणकात शिरला होता. बांधणी करणाऱ्या साधनाने पहिल्याच वेळी त्याचा पत्ता लक्षात ठेवला होता आणि लायब्ररीसाठी ते गुपचूप त्यालाच बोलावत होते. सरांनी आधीची सगळी अर्धवट बांधणी पुसली, एकाच कंपायलरचा पूर्ण पत्ता दिला आणि लायब्ररी व प्रोग्राम दोन्ही त्यानेच बांधले. तात्यांचे रान चांगले निघाले.

माझे समाधान झाले नाही. "तुम्ही एका दमात बऱ्याच गोष्टी बदलल्या. दुरुस्त झाले, एवढ्यावरून दोष कशात होता ते ठरत नाही. आता बिघडवून दाखवा."

व्यवस्थापक हसले. सरांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी बाकी सगळे तसेच ठेवून फक्त जुनी लायब्ररी जोडली, रान खारवट. नवी जोडली, रान चांगले. पुन्हा जुनी, पुन्हा खारवट. शेवटी तात्याच वैतागले, "पुरं करा आता, सर. माझं रान कितींदा नासवताय?"

"चला, मिटलं तर मग. चहा घ्या," व्यवस्थापक म्हणाले. सरांनी कप घेतला नाही. "आरोप मोठ्याने केला होतात. मागेही तेवढ्याच मोठ्याने घ्या." व्यवस्थापकांना कारकुनांसमोर आणि शेतकऱ्यांसमोर आरोप मागे घ्यावा लागला. नंदाताई सरळ आपल्या टेबलाशी गेल्या आणि मातीच्या पुढच्या नमुन्याची पिशवी उघडली. आजही त्या तिथेच काम करतात.

सरांना चुकीबद्दल राग नाही; पुराव्याशिवाय माणसाचे नाव घेतलेले मात्र खपत नाही. तेव्हापासून कोठेही काही नवे बसवायचे असले की त्यांचा मला फोन येतो, "मॅडम, शंका काढा." मी काढते. त्यांनी एकदाही कंटाळा केलेला नाही.

आता त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. रक्तदाबाच्या यंत्रावर त्यांचा भरवसा नाही, असे वहिनींकडून कळते. यंत्रावर संशय जरूर घ्यावा. गोळी मात्र वेळेवर घ्यावी. सरांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्या भागात नवे संगणक येत राहणार, अहवाल चुकत राहणार आणि बोट आधी एखाद्या माणसाकडेच जाणार. तेव्हा त्या खोलीत भापकर सर असायला हवेत.