नाश्त्याच्या कपाटातला चार्जर

बोट बांधून झाली, पाण्यात गेली, की यार्डात मागे दोनच गोष्टी उरतात. केबलचे तुकडे आणि किस्से. तुकडे भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोणी नेत नाही, ते आपले साठत राहतात. चार जुने लोक चहाला बसले की एक जण म्हणतो, "तो चार्जर आठवतो का रे?" आणि मग चहा निवलाच म्हणून समजा!

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. सुरतेत मगदल्ल्याकडे तापीच्या काठावर आमचं यार्ड होतं आणि मी ड्रॉइंग सेक्शनला होतो. आम्ही बांधायचो टग आणि बार्ज, हजीऱ्याच्या बंदरात ओढायला आणि माल वाहायला लागणाऱ्या कामाच्या बोटी. त्यात एकदा कापड मार्केटच्या एका सेठने मोटर यॉट सांगितली. दोन झोपायच्या केबिन, मधे बैठकीची केबिन, पडदे, गालिचा, सगळा थाट! यार्डात आनंदीआनंद. वाद झाला तो फक्त एका लोखंडी पेटीवरून. बोट धक्क्याला लागली की किनाऱ्यावरची वीज घेऊन बॅटऱ्या भरणारा चार्जर. छोट्या टीव्हीएवढा. तो बसवायचा कुठं?

*

इलेक्ट्रिकलचे इनचार्ज होते बोरसे. मूळचे अमळनेरकडचे, वडील उधन्यात लूमवर. स्वतः डिप्लोमा केलेले, आवाज भोंग्यासारखा, आणि डावी भुवई गायब.

पूर्वी एका मच्छीमार बोटीवर मालकाच्या हट्टापायी यांनी चार्जर थेट बॅटऱ्यांच्या डोक्यावर बसवला होता. बॅटरी भरताना तिच्यातून गॅस निघतो. बोरसेंनी बटण दाबलं, ठिणगी उडाली आणि भडका! डोळे वाचले, भुवई गेली ती पुन्हा उगवली नाही.

नवीन माणूस आला की हमखास विचारायचा, "साहेब, भुवई कुठं गेली?"

"चार्जर चुकीच्या जागी बसवला होता. त्या जागी गेली!"

हसायचे मात्र फक्त ऐकणारे. बोरसेंनी मनाशी पक्कं केलं होतं की यापुढे आपल्या हातचा चार्जर बॅटरीच्या वर बसणार नाही, उष्णतेत बसणार नाही आणि ओलीत तर नाहीच. मग समोर कोणीही असो.

*

समोर पहिले आले आमचे वर्क्स मॅनेजर देसाईसाहेब. ते म्हणाले, "इंजिन रूममधे टाका ना, तिथे मशीनच असतात."

 इंजिनची ट्रायल होती त्या दिवशी बोरसेंनी देसाईसाहेबांना "एक गोष्ट दाखवायची आहे" म्हणून खाली नेलं, स्टुलावर बसवलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने साहेब वर आले तेव्हा त्यांचा बुशशर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

"मारी नाखवो छे के शुं?" साहेब ओरडले. मारून टाकतोस की काय!

बोरसे शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला पगार मिळतो तरी तिथं बसवत नाही. चार्जर बिचारा फुकट बसणार आहे!"

*

मग सगळ्यांनाच सुचायला लागलं. एक म्हणाला पुढे, नांगराची साखळी ठेवतात त्या खणात. दुसरा म्हणाला बाथरूमची भिंत मोकळी आहे. सुतार मगनभाई म्हणाला पलंगाखाली सारा. पावसाळा चालू होता आणि बोटीत हात लावाल तिथे दमट. बोरसेंनी ठरवलं की बोटीलाच विचारायचं.

मी उधन्यात त्यांच्या शेजारीच राहायचो. त्या सकाळी चहाला गेलो तर हे भाजलेले नागलीचे पापड डब्यात भरत होते. त्यांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, अहिराणीत विचारलं, "पापड कथा लई चालनात?" पापड कुठं घेऊन चाललात?

"चार्जर करता."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आते चार्जर बी पापड खास का?" आता चार्जरही पापड खातो का!

बोरसेंची पद्धत सरळ होती. प्रत्येक सुचवलेल्या जागी संध्याकाळी एक भाजलेला पापड ठेवायचा आणि सकाळी तो मोडून बघायचा. साखळीच्या खणातला पापड चामड्यासारखा वाकला. बाथरूममधल्याची पोळी झाली. पलंगाखालचा हातात घेतला तर लोंबायला लागला. राहिलं बैठकीच्या केबिनमधलं जाळीच्या दारांचं कपाट. पलीकडे पार्टिशन, त्यामागे बॅटऱ्यांची बंद पेटी, तिचा गॅस थेट बाहेर काढलेला. म्हणजे केबलही आखूड, जागाही वेगळी. बोरसेंनी मोठ्या आशेने कपाट उघडलं. ताटली रिकामी!

मागे मगनभाई तोंड पुसत उभा.

"अरे, तू माझा रिपोर्ट खाल्लास!"

मगनभाई म्हणाला, "रिपोर्ट बहु सरस हतो, साहेब. एकदम कडक!"

जागा ठरली.

*

ठरली ती आमच्यापुरती. ते कपाट सेठाणींच्या नाश्त्याचं होतं, हे ड्रॉइंगवर मीच लिहिलेलं! सेठ पाहणीला आले, कपाटात चार्जरसाठी भोकं पाडलेली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. सुरतचा माणूस बोटीला खिडकी नसली तर चालवून घेईल, पण नाश्त्याला जागा नाही म्हणजे काय!

"बोरसेभाई, यह कबाट कोकिला का है. चार्जर इंजिन रूम में जाएगा."

"सेठ, वहाँ की गरमी में जल जाएगा, नहीं टिकेगा."

"तो फिर आप नहीं टिकोगे. पूजा के दिन कोकिला कबाट खोलेगी. उसमें चार्जर दिखा, तो उसी दिन देसाई से कहके आपका हिसाब करवा दूँगा."

 बोरसेंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सेठ, आपके पोते इसी गालिचे पे खेलेंगे. मेरी तो एक भुवई गई. उनका कुछ नहीं जाना चाहिए. चार्जर यहीं बैठेगा. बाद में आप जो बोलो."

मला खरंच भीती वाटली. बोरसेंच्या घरी दोन मुली शाळेत, आणि अशी नोकरी सुरतेत दुसरीकडे कुठं होती? घरी जाताना मी म्हणालो, "बोरसे, जरा नमतं घ्या."

ते म्हणाले, "जोशी, तुम्ही रबर घेऊन रेघ पुसू शकता. मला गेलेली भुवई पुन्हा काढता येत नाही."

*

मग सुरू झाली फिरवाफिरवी. बोरसे जेवायला गेले की देसाईसाहेब माणसं लावून चार्जर इंजिन रूमजवळ नेऊन ठेवायचे. बोरसे हात धुऊन आले की परत कपाटाशी आणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोट अजून पाण्यात गेली नव्हती, पण चार्जरचा प्रवास जोरात चालू होता!

शेवटी एका दुपारी बोरसे डबा खायला कॅन्टीनला आलेच नाहीत. शोधत गेलो तर बैठकीच्या केबिनमधे मांडी घालून बसलेले, मांडीवर चार्जर, चार्जरवर डबा. शेजारी देसाईसाहेबांची दोन माणसं अवघडून उभी.

बोरसे त्यांना म्हणाले, "न्यायचाय ना? न्या. पण आधी भाजी संपू दे."

ती माणसं भाजी संपायची वाट पाहत राहिली. भाजी संपल्यावर बोरसेंनी स्क्रू आवळायला घेतले आणि त्यांनाच म्हणाले, "जरा खालून धरा." त्यांनी धरला!

*

दसऱ्याला पूजा. बोटीला झेंडूच्या माळा, धक्क्यावर मांडव, सेठचा सगळा परिवार. बोरसे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टूलबॉक्स सोबत घरी न्यायच्या तयारीने बांधलेला. 

कोकिलाबेन खाखऱ्याचे आणि भुसूचे, म्हणजे सुरती फरसाणाचे, डबे घेऊन चढल्या. मागे सेठ, देसाईसाहेब, आम्ही. त्यांनी कपाट उघडलं. आत चार्जर. किनाऱ्याची वीज जोडलेली, पंखा घुं घुं करतोय.



कोकिलाबेननी जाळीसमोर हात धरला. उलटा केला, पुन्हा धरला. मग डब्यातला एक खाखरा काढला. आदल्या दिवशी ओल्या हवेत तो नरम पडला होता. त्यांनी तो त्या गरम वाऱ्यात धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. सेठ घाम पुसायला लागले. बऱ्याच वेळाने बाईंनी खाखरा मोडला.

कट्ट!

"आ कोणे मूक्युं?" हे कोणी बसवलं?

"मैंने," बोरसे पुढे आले.

"तो ऊपर एक जाळीनुं खानुं लगा दो. मेरे डब्बे के लिए."

आता कोणीही असता तर लगेच हो म्हणाला असता. बोरसे म्हणाले, "लगाता हूँ. लेकिन चार्जर के ऊपर एक वीत जगह खाली रहेगी. और हवा के सामने डब्बा नहीं आएगा."

देसाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

कोकिलाबेन म्हणाल्या, "मंजूर. और तुम नास्ते को हाथ नहीं लगाओगे."

"मंजूर."

सेठकडे पाहून त्या म्हणाल्या, "माणस कामनो छे." मग सेठ कशाला हिशोब काढतात!

*

पुढच्या वर्षी सेठचे व्याही यार्डात आले. त्यांनाही बोट हवी होती. देसाईसाहेबांनी बोरसेंना बोलावलं, मी ड्रॉइंग उलगडलं. इंजिन कोणतं, केबिन किती, कशाकडे त्यांचं लक्ष नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "पहेले यह बताओ, वह नास्ता कडक रखने वाला मशीन कहाँ बैठेगा? व्याही के यहाँ बारिश में भी पापड ऐसा टूटता है!"

बोरसेंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक मालक आपणहून जागा विचारत होता. त्यांनी पेन्सिल घेतली आणि बैठकीच्या केबिनमधे, खिडकीच्या बाजूला, सगळ्यात कोरडी, सगळ्यात हवेशीर जागा चौकोन काढून दाखवली.

"बढिया!" व्याही म्हणाले.

बोरसेंनी पार्टिशनच्या पलीकडे दुसरा चौकोन काढला. "और बॅटरियाँ यहाँ."

व्याहींनी त्या चौकोनाकडे पाहिलं, मग बोरसेंकडे, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बॅटरी? उसमें बॅटरी भी लगती है?"