पाळी भुरीबाईची

आप्पा ओढ्यात पळसाचं पान सोडत आणि काठाने त्याच्याबरोबर पळत सुटत. पँट गुडघ्यापर्यंत वर, पोट पुढे, नजर पानावर. खालच्या दगडापाशी मी घड्याळ धरून उभा. "उनं, उनं, उनं!" म्हणजे आलं, आलं, असं अहिराणीत ओरडत ते येत, निम्म्या वेळा पान काठाने नीट येई आणि आप्पा पाण्यातून. पाण्याचा वेग मोजायची ही सरकारमान्य रीत होती, पण ती इतक्या आनंदाने पाळणारा दुसरा ओव्हरसियर मी पाहिला नाही. आठवलं की अजून एकटाच हसतो.

आप्पा तापीकाठच्या प्रकाशा गावचे. साठ सालच्या आसपास आम्हा दोघांना सातपुड्यात, धडगावच्या वरच्या अंगाला धाडलं होतं. ओढ्यावर वीज करायची आणि पाड्यावरच्या दवाखान्यात दिवा लावायचा. खात्याला ओढा अडवून भिंत हवी होती. आप्पांनी आठ दिवस डोंगर पालथा घातला आणि कपाळावर हात मारला. तिथल्या पावरा आदिवासींनी ओढ्याचं पाणी दगडमातीच्या पाटाने कड्याच्या कडेकडेने शेतांवर नेलं होतं. भिंत झाली की पाट कोरडा. "ह्या लोकेसनी आपलं अर्धं काम करी ठेयेल शे, भाऊ, आनि आपन ते बुडवाले निंघनूत!"

मग पाटातलं उरलेलं पाणी जिथे परत ओढ्यात पडतं, तिथे त्यांनी लाकडी चक्र बसवलं. नियमही स्वतःच लिहिला: आधी शेत, मग दिवा.

मोठे साहेब पाहायला आले. दिवा लागला तर चक्र, नाही तर भिंत, असं त्यांनी आल्याआल्याच बजावलं. दिवस कलला. आप्पांनी इस्त्रीचा सदरा चढवला, सगळा पाडा जमला, चक्र गरगर फिरलं आणि थांबलं. आम्ही सगळं विचारलं होतं, आज पाण्याची पाळी कुणाची एवढंच विचारायचं राहिलं होतं. वरच्या शेतात पाड्यावरच्या भुरीबाई पाटाचं तोंड वळवून हरभऱ्याला पाणी देत होत्या.

"त्या बाईला थांबवा," साहेब म्हणाले.

आप्पा धापा टाकत वर गेले. पाळी आठ दिवसांनी येते आणि हरभरा फुलावर आहे, असं भुरीबाईंनी पावरीत सांगितलं. आप्पा त्यांना हात जोडून खाली आले. साहेबांशी एरवी पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस घरच्यासारखा बोलू लागला. "पानी आज तिन्हं शे, साहेब. दिवा पाव्हना शे. पाव्हना घरधनीनं ताट वढस का?"

साहेब लालबुंद. पाड्याला मात्र हसू आवरेना. कुणीतरी साहेबांच्या हातात भाकरी ठेवली. जीप दोन कोस खाली, जातात कुठे! तासाभराने भुरीबाईंनी शेवटचा वाफा भरून पाट सोडला, आणि साहेबांच्या तोंडात घास असतानाच दिवा लागला. सगळा पाडा ओरडला. साहेबही ओरडले, मग घाईघाईने उरलेली भाकरी खाऊ लागले.

खात्याचा कागद आला तो होळीला. ढोल घुमत होता आणि आप्पा दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये, हातात हात गुंफून नाचत होते. मी मोठ्याने वाचलं, "भिंत रद्द, चक्र मंजूर." पुढची ओळ होती, वरिष्ठांचा हुकूम न पाळल्याबद्दल आप्पांची बढती रोखल्याची. ती न वाचताच मी कागदाची घडी घालू लागलो.

"दुसरी वळ माले मालूम शे!" आप्पा नाचता नाचता ओरडले. "तू पह्यली परत वाच!"