अकोल्याला पाठवलेली उजळ प्रत

१४ जून १९९२, रविवार. अकोला स्टेशन, दुपारची वेळ. खिशात अकराशे पन्नास रुपये आणि वीस डॉलर. हजर माणसं चार: बाबा, माय, माझी बायको शालिनी आणि धाकटा भाऊ सुहास. माय रडत होती. शालिनी रडायचं नाही असं ठरवून उभी होती. सुहास माझ्या बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होता. बाबा कापड गिरणीतले निवृत्त फिटर. त्यांच्या शाळेत त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत. पुढं त्यांनी बुद्ध धम्म घेतला, तेव्हा मी त्यांच्या कडेवर होतो. गाडी हलताना खिडकीचा गज धरून ते एवढंच म्हणाले, "तू कोन हायेस असं कोनी इचारलं, त सरळ सांगजो. लपवू नोको."

बहरीनला मी एका कंत्राटदार कंपनीत टाइमकीपर झालो. नईम नावाच्या वस्तीत चौघांत एक खोली होती. बाकी तिघे पुण्या-मुंबईचे, माणसं चांगली. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही कळत नाही. एकाने पहिल्याच आठवड्यात स्वतःच अंदाज बांधला, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच." मी नाही म्हणालो नाही. असे आठ महिने काढले. हे बाबांना कधी लिहिलं नाही. शालिनी आल्यावर आम्ही हमद टाउनमध्ये फ्लॅट घेतला, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, तेव्हा त्या तिघांना कळलं. एकाने येणं बंद केलं. दोघे जेवून गेले.

कंपनीत माझ्याकडे हजेरीच्या तीन याद्या असत, पासपोर्टाप्रमाणे. काम एकच असलं तरी दर तीन, आणि जेवायच्या मेसही तीन. १९९३ मध्ये सुहास एसी टेक्निशियन म्हणून आला. पुढच्या वर्षी स्टोअर्समध्ये ग्लोरिया आली, काळी अमेरिकन, तिकडच्या दक्षिणेतल्या एका लहान गावची. पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणून तिचं जेवण वरच्या मेसमध्ये. तिथं आपल्या टेबलाशी कुणी बसत नाही, हे तिने दोन आठवडे बघितलं. मग एके दुपारी ती ताट उचलून आमच्या मेसमध्ये आली आणि सुहाससमोर बसली. "इथली डाळ तरी गरम असते," म्हणाली. पुढचं दोघांनी आम्हाला न विचारता ठरवलं.

पुण्याच्या एका अकौंटंटने सुहासला विचारलं, "अमेरिकन ना रे? मग काळी कशी?" सुहास म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी कुठं गोरे आहात?" ग्लोरियाच्या आईने फोनवर विचारलं, मुलगा कोण आहे? मायने पत्रात विचारलं, पोरगी कोनाची हाय? समुद्राच्या दोन बाजूंनी एकच प्रश्न आला.

एप्रिल १९९५ मध्ये नोंदणी लग्न झालं आणि आमच्या घरी त्रिशरण-पंचशील. त्याआधी बाबांचं पत्र आलं होतं: "आमचं येनं होत नाही. फोटो धाडजो. मंग पाहू." त्या 'मंग पाहू'वर सगळं अडलं होतं. अकोल्याचं दार सुहाससाठी उघडं राहणार की नाही, ते त्या फोटोवर ठरणार होतं.

फोटो बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीतल्या स्टुडिओत काढला. मोठा भाऊ म्हणून खर्च माझा, प्रती आणायला गेलो तोही मीच. केरळचा फोटोग्राफर म्हणाला, "भाईसाब, दुल्हन का फेस थोडा लाइट कर दूँ? इंडिया भेजनेवाली कॉपी में सब करवाते हैं. डेढ़ दिनार एक्स्ट्रा."

मी पाव दिनारासाठी घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी केली नाही. पाच प्रती जशाच्या तशा घेतल्या, सहावी उजळ. पाच सुहासला दिल्या. सहावी पाकिटात घालून अकोल्याला टाकली आणि कुणाला काही बोललो नाही, शालिनीलाही नाही.

महिन्याभरात उत्तर आलं: "फोटो भेटला. सून चांगली हाय. सुट्टीत घेऊन या."

त्यानंतरच्या एका शुक्रवारी दोघं आमच्याकडे जेवायला होती. शालिनीने ग्लोरियाला सहज विचारलं, "तुमच्याकडे कोण कोण असतं?" ती सांगू लागली. तिच्या आईच्या लहानपणी काळ्या माणसाला दुकानात बूट पायात घालून बघू देत नसत. कागदावर पाऊल आखून न्यायचं आणि मिळेल तो जोड घ्यायचा. तिची एक मावशी रंगाने इतकी उजळ की दुकानदाराला कळायचं नाही. ती ऐटीत बसून बूट घालून बघायची. पुढं ती शहरात गेली, गोरी म्हणून नोकरी धरली, गोऱ्या माणसाशी लग्न केलं. तसं लग्न तेव्हा कायद्यालाही चालत नव्हतं, पण विचारणार कोण? गावी मात्र ती परत आली नाही. "आजी लोकांना सांगायची," ग्लोरिया म्हणाली, "मुलगी जिवंत आहे, फक्त आमची राहिली नाही."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. शालिनीने पोळी वाढली आणि मी ती खाल्ली.

डिसेंबरात आम्ही चौघं अकोल्याला गेलो. माय दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आत समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये तो फोटो. सुहासच्या शेजारी गव्हाळ रंगाची कुणी बाई, ग्लोरियाची साडी नेसलेली. शेजारच्या कमलाबाई बघायला आल्या होत्या, त्या मोठ्याने म्हणाल्या, "अवं माय, फोटोतली कुठी रायली मंग?"

ग्लोरियाला शब्द कळले नाहीत. ती भिंतीजवळ गेली, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिली आणि इंग्रजीत विचारलं, "ही कोण?"

सुहास माझ्याकडे वळला. "दादा, पाकीट तूच टाकलं होतं ना?"

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ग्लोरियासाठी इंग्रजीतून पुन्हा सांगितलं. नईममधले आठ महिनेही सांगितले, ते कुणी विचारले नव्हते तरी. ग्लोरियाने मावशीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाबांनी स्टूल घेतलं, फ्रेम खाली उतरवली आणि पालथी ठेवली. "टेसनावर मी तुले काय सांगतलं होतं?"

स्टूल जागेवर सरकवून त्यांनी पुढं विचारलं,

"किती देल्ले याचे?"

"दीड दिनार."

"आपले किती होतात?"

"सव्वाशे रुपये."

ते खाटेवर बसले. म्हणाले, "माह्यंबी चुकलंच. फोटो काहाले मांगतला मी? खरा आला असता, त कोन जाने काय लिहिलं असतं." मग त्यांनी ग्लोरियाला समोर बसवलं. आमच्याकडे नवी सून आली की मोठी माणसं तिचं तोंड पाहतात आणि हातावर पैसे ठेवतात. बाबांनी दिव्याचं बटण दाबलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि एकावन्न रुपये तिच्या हातावर ठेवले. मग मला म्हणाले, "सव्वाशे देऊन पोरीचं तोंड पुसलं तू. आता तेवढेच तिचं तोंड पाहाचे दे."

आज सुहास आणि ग्लोरिया तिच्या गावी राहतात. तिथंही दोघांना एकत्र पाहून काही लोक रस्ता बदलतात, असं सुहास लिहितो. जशाच्या तशा पाच प्रतींपैकी एक अकोल्यात त्याच फ्रेममध्ये आहे, एक हमद टाउनमध्ये आमच्याकडे, एक तिच्या आईच्या घरी. अकोल्यात मागे राहिलेले लोक विचारतात, आता तुझं घर कोणतं? ज्या भिंतींवर तो खरा फोटो आहे, ती तिन्ही घरं मी माझी समजतो. त्यांपैकी कुठंही मला काही लपवावं लागत नाही.

त्या दिवशी मी शंभराची एक, वीसची एक आणि पाचची एक अशा तीन नोटा काढल्या आणि ग्लोरियाच्या तोंडाकडे बघून दिल्या. सुहासने तिला अर्थ सांगितला. तिने नोटा मोजल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि बहरीनच्या पद्धतीने हात झटकून म्हणाली, "खलास, दादा."

एकूण दिले सव्वाशे रुपये, ग्लोरियाला, रोख, सगळ्यांसमोर.