भुवयांच्या मधोमध

आमच्या सौंसरच्या घरी वरच्या खोलीत एक तरुण भाड्याने राहतो. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी लॅपटॉपवर मुलाखती देतो. नजर जरा बाजूला गेली की कॉपी करतो समजून बाद करतात, म्हणून नजर कॅमेऱ्यावर रोखून धरायची त्याने सवयच करून घेतली आहे. बाजारातही तो भाजीकडे बघत नाही, भाजीवालीच्या भुवयांच्या मधोमध बघतो. ती हल्ली त्याच्याशी घासाघीस करत नाही. पिशवी भरून देते आणि तोंड फिरवते.

परवा दुपारी मी चहा घेऊन वर गेलो, तर मुलाखत चालू होती. मी दारातच थांबलो. बगीच्यातून आलेली एक गांधीलमाशी त्याच्या गालावरून चालत होती. डोळ्याखाली तिने डंख मारला. पापणीही न हलवता तो हसत उत्तर देत राहिला.

मुलाखत संपल्यावर मी म्हटलं, "अरे, साहेबाले सांगून उठाचं होतं ना."

"साहेब कोठचा, काकाजी? मशीनच सवाल विचारून राहिली होती. तिकडे माणूस नवता कोणी."

सुजलेला डोळा मिटत चालला होता. दुसरा माझ्या भुवयांच्या मधोमध रोखलेला होता, आणि ओठांवर अजून तेच हसू होतं. मी कप खाली ठेवला आणि तोंड फिरवलं.