माइक चालू होता

मुंबईच्या विमानतळावर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला बाजूला घेतलं, तेव्हा वाटलं आता हे रडणार. त्यांनी फक्त बजावलं, "तिकडं जमीन लई हलते म्हणतात. हलली की आधी बाहेर पळायचं. कशाकडं बघत बसायचं नाही." आम्ही औशाकडचे. आमच्या भागातल्या भूकंपात दगडामातीच्या घरांत जे अडकले ते गेले. मला अप्पांनी खांद्यावर टाकून बाहेर काढलं, म्हणून मी आज हे लिहितेय. विमानतळावर तेव्हा माझ्या कडेवर माझी दोन वर्षांची मुलगी रेवा झोपली होती. मी मान डोलावली.

जपानात, त्सुकुबाला येऊन सहा वर्षं झाली. माझं काम गुरुत्वीय लहरींचं. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशच किंचित हलतं, आणि ते हलणं आपल्यापर्यंत पोचतं. ते पकडायचं तर जमिनीची थरथर त्यातून वेगळी काढावी लागते. दिवसभर स्क्रीनवर हेच बघायचं आणि घरी दिवा जरा झुलला की छातीत धडधड! इथे आलेल्यांना हे कळेल. तिकडच्यांना मी कधी सांगितलं नाही.

आमच्या संस्थेच्या गेल्या ओपन डेला लोकांसाठीचं भाषण माझ्या वाट्याला आलं, तेही जपानीतून. महिनाभर माझी गाळण उडाली होती. रेवाने कंटाळत कंटाळत माझे उच्चार सुधारले. त्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मी म्हणाले, आत्तासुद्धा अशी एखादी लाट आपल्यातून जात असेल, आपल्याला पत्ताही नाही. लोक हसले, मला हायसं वाटलं. तेवढ्यात भूकंपाच्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम कोकलले आणि हॉल हलायला लागला.

पुढचं नीट आठवत नाही. आठवतं ते पार्किंग, एकाच पायात बूट, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. कुणीच बाहेर आलं नव्हतं. इथे पळत नाहीत, डोकं झाकून खाली बसतात. दर वर्षीच्या ड्रिलमध्ये मीही तेच केलं होतं. माझी मुलगी आत होती आणि मी बाहेर होते. भूकंपाची मला आयुष्यभर भीती वाटली, पण एवढी कधीच नाही.

धावत आत गेले. सगळे सुखरूप होते. रेवा खुर्च्यांच्या मधे, डोक्यावर दप्तर धरून बसली होती, आणि तिच्या पाठीवर कुणा अनोळखी आजींचा हात होता. ती माझ्याकडे बघेना. मग लक्षात आलं, माझ्या कॉलरचा माइक चालूच होता. दाराबाहेर पडेपर्यंतचं माझं ओरडणं सगळ्या हॉलने ऐकलं होतं.

रेवा एरवी मला जपानीतच उत्तरं देते. घरी जाताना मात्र मराठीत म्हणाली, "आई, तू 'अप्पा, अप्पा' ओरडत होतीस. माझं नाव का नाही घेतलंस?"

अप्पांना हे अजून कळवलेलंच नाही. कुठल्या तोंडाने कळवू?

परवा नाश्त्याच्या वेळी पुन्हा हललं. माझे पाय दाराकडे गेलेच. रेवा कधीच टेबलाखाली शिरली होती. तिने मला बोलावलं नाही, नुसती भिंतीकडे सरकली आणि माझ्यापुरती जागा केली. मी रांगत आत गेले, तिला घट्ट धरलं आणि हलणं थांबेपर्यंत तिचंच नाव घेत राहिले. घर कुठलं असं कुणी विचारलं तर हल्ली मला तेवढी जागा आठवते, आणि पुढच्या वेळी मी तिथेच जाईन ना, ही धास्ती काही जात नाही.